वकीलसाहेबांना काट्याची पावती वाचू द्या

मराठी वाहिन्यांसाठी मालिका लिहिणाऱ्या आणि लिहून घेणाऱ्या सर्वांस,



बिद्रीहून लिहितोय. तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. कोल्हापूरहून गारगोटीला निघालं की मुधाळ तिट्ट्याच्या अलीकडं साखर कारखान्याचं धुराडं दिसतं, तेच आमचं गाव. कारखान्याचं पूर्ण नाव दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना, पण ते फक्त पाटीवर आणि अहवालात. बोलताना सगळे 'बिद्री' एवढंच म्हणतात. तिट्ट्याच्या पुढं संत बाळूमामांचं आदमापूर. बाळूमामांवरची मालिका 'कलर्स मराठी'वर लागायची तेव्हा टीव्हीपुढं हात जोडून बसणारी माणसं मी आमच्याच गल्लीत पाहिली आहेत. हे मुद्दाम सांगतोय. तुम्ही जे दाखवता ते इकडं गोष्ट म्हणून कमी आणि घडलेलं म्हणून जास्त पाहिलं जातं.

माझा धंदा वकिलाच्या कारकुनाचा. आयुष्य कागलच्या कोर्टात वकीलपत्रं लिहिण्यात, नकलांचे अर्ज करण्यात आणि तारखा टिपून घेण्यात गेलं. पट्टेवाल्यानं नाव पुकारलं की पक्षकाराला हाताला धरून आत न्यायचं, हेही माझंच काम. तो आत जाताना डोक्यात काय घेऊन जातो, ते बऱ्याचदा त्याच्या वकिलाआधी मला कळायचं. गेली काही वर्षं तो तुमची मालिका घेऊन आत जातो. एका खटल्यात आरोपीच्या आईनं मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "मालिकेतला वकील रातचं जाऊन पुरावा आणतोय, आन् आमचं साहेब नुसती तारीख आणत्यात." साहेबांनी त्याच आठवड्यात तिच्या मुलाच्या जामिनासाठी रात्र जागून काढली होती. पण त्या जागरणात ना टॉर्च होती, ना पाठलाग. टेबलावर दोषारोपपत्राची चारशे पानं होती, एवढंच.

तक्रारीआधी कौतुक करतो, कारण ते खरं आहे. 'स्टार प्रवाह'वर डिसेंबर २०२२ मध्ये 'ठरलं तर मग' सुरू झाली तेव्हा सासू-सुनांच्या वेळेला एक वकील घरात आला. ॲडव्होकेट अर्जुन सुभेदार. त्याचं सायलीशी करारावरचं लग्न, वात्सल्य आश्रमातला विलासचा खून, त्या खुनाच्या आरोपाखाली अडकलेले मधुभाऊ, आणि खरा गुन्हेगार कोण हे प्रेक्षकाला ठाऊक असूनही कोर्टात ते शाबित न होणं. कथेचा सांगाडा तमिळ 'रोजा' मालिकेवरून आला असेल, पण आमच्या घरांत तो मुरला तो मधुभाऊंमुळं. निर्दोष म्हातारा गजाआड आहे म्हटल्यावर जेवणाची ताटंसुद्धा कोर्टाच्या प्रसंगानंतर वाढली जायची. आणि एक गोष्ट तुमच्याकडून नकळत अगदी खरी झाली. मधुभाऊंचा खटला पडद्यावर वर्षानुवर्षं चालला. टीआरपीसाठी लांबवलात म्हणून लोक कुरकुरले. मी नाही कुरकुरलो. खुनाचा खटला तेवढा चालतोच.

त्याआधी हिंदीत 'अदालत' होती. २०१० पासून सोनीवर रोनित रॉयचा के. डी. पाठक कुठल्याही गुन्ह्याचा छडा लावायचा, तोही बहुतेक वेळा न्यायाधीशांच्या समोर, खऱ्या खुन्याला पिंजऱ्यात उभा करून. हे सगळं कुळ ज्याच्यापासून निघालं तो कादंबऱ्यांतला वकील पेरी मेसन. अर्ल स्टॅन्ली गार्डनर हा कॅलिफोर्नियात व्हेंच्युरा गावी खरोखरची वकिली करणारा माणूस. त्याची मेसनवरची पहिली कादंबरी १९३३ साली आली, आणि १९५७ ते १९६६ अशी नऊ वर्षं रेमंड बर अमेरिकेच्या टीव्हीवर मेसन झाला. सरकारी वकील बर्गरनं दर आठवड्याला हरायचं आणि साक्षीदारानं उलटतपासात कोसळून "हो, मीच मारलं" म्हणायचं, हा साचा तिथून निघाला तो आजपर्यंत टिकून आहे.

पण त्या साच्यातली एक गोष्ट तुमच्याकडं येताना गळाली. मेसन सगळं स्वतः करत नसे. त्याच्याकडं पॉल ड्रेक नावाचा खासगी गुप्तहेर होता. माणसांच्या मागं जाणं, हॉटेलांची रजिस्टरं पाहणं, फोन करणं ही ड्रेकची कामं. मेसन ते समोर मांडायचा. तुमचा वकील मात्र पोलीसही असतो, गुप्तहेरही असतो, हाणामारीही करतो, आणि सकाळी इस्त्रीचा कोट घालून कोर्टात उभा राहतो.

यात नुसता खोटेपणा असता तर मी पत्र लिहिलं नसतं. मालिका आहे, चालायचंच. न्यायाधीशांच्या हातात हातोडा देता, आमच्या कोर्टात तो नसतो. साक्षीदाराला गीतेवर हात ठेवायला लावता, शपथेच्या कायद्यात गीता नाही. हे सगळं माफ. माझं म्हणणं वेगळं आहे. कायदा बाजूला ठेवल्यामुळं तुमचं रहस्यच पातळ होतंय.

दोन उदाहरणं देतो.

पहिलं पिंजऱ्यातल्या कबुलीचं. समजा, साक्षीदार खरंच कोसळला आणि म्हणाला, मीच केलं. मालिकेत लगेच संगीत वाढतं आणि हवालदार बेड्या घेऊन पुढं येतो. जुन्या पुरावा कायद्याचं १३२ वं कलम, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते १३७ वं, काय सांगतं पाहा. खटल्याशी संबंधित प्रश्नाचं उत्तर आपल्यालाच अडचणीत आणेल, म्हणून साक्षीदाराला गप्प बसता येत नाही. पण असं भाग पाडून घेतलेलं उत्तर त्याच्याविरुद्ध फौजदारी खटल्यात वापरताही येत नाही. खोटी साक्ष दिली तर गोष्ट वेगळी. म्हणजे तुमचा नायक ज्या क्षणी जिंकतो असं तुम्ही दाखवता, त्याच क्षणी तो खऱ्या खुन्याच्या हातात ढाल देऊन बसलेला असू शकतो. याच्यापेक्षा भारी कलाटणी तुम्हाला कुठल्या लेखकानं दिली असती? कायद्याच्या पुस्तकात ती १८७२ सालापासून पडून होती.

दुसरं उदाहरण पुरावा शोधून आणणाऱ्या वकिलाचं. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणं, ज्या खटल्यात आपल्याला साक्षीदार व्हावं लागेल असं वकिलाला वाटतं, तो खटला त्यानं चालवू नये. म्हणजे अर्जुनसाहेबांनी मध्यरात्री आश्रमाच्या मागं जाऊन रक्ताचा रुमाल उचलला, तर तो कुठं आणि कसा सापडला हे सांगायला त्यांनाच पिंजऱ्यात जावं लागणार. मग वकीलपत्र सोडा. शिवाय पंच नाहीत, पंचनामा नाही, तर विरुद्ध पक्ष विचारणारच की हा रुमाल तुम्हीच तिथं टाकला नाही कशावरून. पुरावा सापडणं आणि पुरावा कोर्टात टिकणं यांच्यामध्ये जी दरी आहे, तिथंच आमच्याकडं खटले पडतात. तुमची मालिका ती दरी एका जाहिरातीच्या विश्रांतीत ओलांडते.

आता म्हणाल, खरं कोर्ट दाखवलं तर लोक चॅनेल बदलतील. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण रोज रात्री साडेआठला ते चालत नाही. मान्य. तो सिनेमा मुद्दाम थंड आहे. गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील कोर्टातून निघते, लोकलनं घरी जाते, स्वयंपाकाला लागते. आमच्या वकीलबायांचा तोच दिनक्रम आहे, आणि तो पाहून मला फार बरं वाटलं होतं. पण तो सिनेमा रहस्याचा नव्हता. मी मागतोय ते रहस्यच मागतोय.

वकिलानं कागदावरून साक्ष फोडल्याची सर्वांत गाजलेली गोष्ट अमेरिकेची आहे, आणि ती खरी आहे. १८५८ साली इलिनॉयमध्ये डफ आर्मस्ट्राँग नावाच्या तरुणावर खुनाचा खटला चालला. साक्षीदार म्हणाला, रात्री अकराच्या सुमाराला चांगलं चांदणं होतं, म्हणून एवढ्या लांबूनही मला वार दिसला. बचावाचे वकील होते अब्राहम लिंकन, अजून राष्ट्राध्यक्ष व्हायचे होते. त्यांनी साक्षीदाराकडून चांदण्याची गोष्ट पुन्हा पुन्हा वदवून घेतली आणि मग खुनाच्या वर्षाचं पंचांग काढलं. त्या वेळी चंद्र मावळतीला टेकलेला होता. आरोपी सुटला. ना पाठलाग, ना कबुली. एक छापील पान आणि ते कधी उघडायचं याची जाण. आमच्याकडं तर आदमापूरच्या अमावस्येच्या यात्रेमुळं लहान पोरालासुद्धा चंद्राचा हिशेब तोंडपाठ असतो. हा भाग इथं पहिल्या मिनिटाला कळेल.

तसंच रहस्य इथल्या मातीतून काढायचं तर कसं, ते मी बसून रचलंय. फुकट घ्या.

जानेवारीतली रात्र आहे, गळीत हंगाम भरात आहे. दूधगंगेच्या काठच्या मळ्यात एका शेतकऱ्याचा खून होतो. भाऊबंदकी जुनी, बांधावरून आणि विहिरीच्या पाळीवरून. पोलिसांनी धरला तो मळ्यावरचा गडी, कारण मालकाशी आदल्या दिवशी उचलीवरून त्याची शिवीगाळ झाली होती. चुलतभाऊ सरकारी पक्षाचा साक्षीदार आहे. तो स्वतः ट्रॅक्टरवर ऊस वाहतो, आणि सांगतो की त्या रात्री मी कारखान्याच्या आवारात रांगेत होतो. त्याच्या हातात पुरावाही आहे. गेटवर नंबर घेतल्याची वेळ रात्री साडेआठ. भरलेल्या ट्रॉलीच्या वजनाची काट्यावरची पावती पहाटे साडेतीनची. गव्हाणीत ऊस उतरवून रिकाम्या वजनाची पावती साडेचारची. गाडी नंबर, टोळी, शेतकऱ्याचं नाव, सगळं छापलेलं. इतकी चोख पावती पाहून पोलीससुद्धा त्याला सोडून देतील.

गड्याकडं पैसे नाहीत. त्याला वकील मिळते ती विधी सेवा समितीकडून, तालुक्याच्या कोर्टात वाढलेली बाई. तिचा बाप ऊसवाहतूकदार होता, आणि लहानपणी ती त्याच्याबरोबर ट्रॉलीवर झोपलेली आहे. म्हणून ती पावती वाचते तेव्हा तिला वजन दिसत नाही, मधले सात तास दिसतात. पावती सांगते की ट्रॅक्टर रांगेत होता. ट्रॅक्टरवर कोण होतं, हे पावती सांगत नाही. रांग सरकली की कुणाचाही क्लीनर किंवा ओळखीचा ड्रायव्हर गाडी पुढं घेतो, ही इकडची रीत आहे.

आता तिनं काय करावं? तुमच्या पद्धतीनं ती रात्री कारखान्यात शिरून रजिस्टर पळवेल. तसं करू नका. तिला अर्ज करू द्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ९४ व्या कलमाखाली कोर्ट कागद हजर करायला सांगू शकतं. ती मागते कारखान्याच्या गाळपाचं शिफ्ट रजिस्टर. सरकारी वकील हरकत घेतात, याचा खुनाशी काय संबंध? न्यायाधीश विचारात पडतात. अर्जावर युक्तिवाद, मुदत, पुन्हा मुदत. जुनी रजिस्टरं गोदामात, ती ओळखणारा माणूस निवृत्त. इथं तुमचे हवे तेवढे भाग निघतील, आणि एकही खोटा नसेल. कारखान्याचं नाव मात्र बनावट घाला. आमचंही नको, शेजारच्यांचंही नको, नाहीतर पुढच्या सर्वसाधारण सभेत तुमचाच विषय निघेल.

रजिस्टर येतं. त्या रात्री बारा ते दोन गाळप बंद होतं. उसाच्या कॅरियरची साखळी तुटली होती.

ती हे कुणाला सांगत नाही. उलटतपासाला उभी राहते आणि चुलतभावाला अगदी गोडीत विचारते. रात्रभर जागे होता? हो. झोप लागली नाही? नाही ओ, रांग सरकत होती, झोपायला सवड कुठली. बारानंतरसुद्धा सरकत होती? सरकतच होती की. किती गाड्या पुढं गेल्या असतील तासाभरात? दहा-पंधरा. हे लिहून घ्यावं, एवढं ती न्यायाधीशांना म्हणते. नंतर कारखान्याचा अधिकारी रजिस्टर घेऊन पिंजऱ्यात येतो. त्या दोन तासांत आवारातली एकही गाडी जागची हललेली नाही. तिथं रात्र काढलेला कुठलाही ड्रायव्हर ही गोष्ट वर्षभर विसरत नाही, कारण थंडीत पेटवलेल्या पाचटाभोवती सगळे कारखान्याच्या नावानं शिव्या घालत बसलेले असतात.

कोसळणं नाही, कबुली नाही. चुलतभाऊ साक्ष देऊन घरी गेलेला आहे. ती म्हणते, अधिक प्रश्न नाहीत, आणि खाली बसते. गडी संशयाचा फायदा मिळून सुटतो. चुलतभाऊ आपोआप आत जात नाही, त्याच्यासाठी तपास पुन्हा करावा लागेल, आणि तो करायची इच्छा कुणाला आहे का, हा तुमच्या दुसऱ्या पर्वाचा विषय. गावात आता सगळ्यांना माहीत आहे खून कुणी केला, आणि तो रोज त्याच रस्त्यानं ट्रॅक्टर नेतो. हे मी पाहिलंय म्हणत नाही. पण गावात राहिलेल्या कुणालाही ते रचलेलं वाटणार नाही.

कोल्हापूरला खऱ्या खटल्यांचा तुटवडा नाही. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुलींचं बालहत्याकांड अजून आयाबाया कुजबुजत सांगतात. १९९६ मध्ये अटक झाली, २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं त्या दोन मुलींना, रेणुका शिंदे आणि सीमा गावित यांना, फाशी सुनावली. सरकारी पक्षातर्फे उज्ज्वल निकम होते. तो खटला फिरला तो रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाल्यावर. पण माफीच्या साक्षीदाराच्या एकट्याच्या शब्दावर कोर्ट सहसा विसंबत नाही, कारण तो स्वतःच गुन्ह्यातला भागीदार असतो. त्यामुळं त्यानं सांगितलेल्या गोष्टींना दुसरीकडून आधार शोधावा लागतो, आणि अशा खटल्यात सगळी मेहनत तिथं असते. पुढं उच्च न्यायालय २००४, सर्वोच्च न्यायालय २००६, दयेचा अर्ज फेटाळला २०१४ मध्ये, आणि २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या अर्जाच्या निकालाला सरकारनं लावलेल्या विलंबामुळं फाशीची जन्मठेप केली. या प्रकरणावर सिनेमा झाला, तो क्रौर्यावर. अटक आणि शिक्षा यांच्या मधल्या पाच वर्षांत वकिलांनी काय केलं, ते कुणी दाखवलेलं मी पाहिलेलं नाही. खुनांचा आरोप असलेल्या वाईच्या डॉक्टरच्या प्रकरणावरून सुचलेल्या 'देवमाणूस'चंही तेच. २०२१ मध्ये मालिकेचं पहिलं पर्व संपलं तेव्हा साताऱ्यात खरा खटला चालूच होता.

आणखी एक. टीव्हीवरचं कोल्हापूर म्हणजे तालीम, तांबडा-पांढरा आणि "लई भारी". 'तुझ्यात जीव रंगला'नं वसगड्याचा वाडा महाराष्ट्राला दाखवला, त्यातला राणादा आमचाही लाडका झाला. पण या जिल्ह्यातल्या वकिलांनी चाळीसेक वर्षं मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी मोर्चे काढले, कामकाजावर बहिष्कार घातले, साखळी उपोषणं केली. शेवटी १८ ऑगस्ट २०२५ ला सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सर्किट बेंचचं कामकाज सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे आता तिथं येतात. आमच्याकडच्या पक्षकारानं तोवर अपिलाच्या एका तारखेसाठी रात्रीची गाडी धरून मुंबई गाठली, दिवसभर बाकावर बसला, आणि प्रकरण बोर्डावर पोचलं नाही म्हणून रात्रीच्या गाडीनं परत आला. तो आता सकाळी वैरण टाकून निघतो आणि संध्याकाळच्या धारेला घरी असतो. तुमच्या नायकाला मुंबईच्या बंगल्यातून बाहेर काढायला याहून चांगली वेळ येणार नाही. शूटिंगला चित्रनगरी आहेच.

भाषेची काळजी करू नका. नाझर, शिरस्तेदार, बेलिफ, रोजनामा, सरतपास, फितूर, नक्कल... सगळे शब्द आमच्याकडं तयार आहेत, तेही वापरात घासून गुळगुळीत झालेले. "ऑब्जेक्शन मिलॉर्ड" तालुक्याच्या कोर्टात कुणी ओरडत नाही. "हरकत आहे, साहेब" म्हणतात, बऱ्याचदा उठतासुद्धा नाहीत.

शेवटी एक मागणी, ही कथेबद्दल नाही. सिगारेटच्या प्रसंगात तुम्ही खाली इशारा लावता. तशीच कोर्टाच्या प्रसंगात एक ओळ लावा: महिलांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि कोठडीत असलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, सरकारी खर्चानं वकील मिळतो, फोन १५१००. कायदा १९८७ चा आहे. सुरुवातीला सांगितलेल्या त्या आरोपीच्या आईला तो माहीत नव्हता. मुलगा कोठडीत होता, म्हणजे त्याला वकील फुकट मिळाला असता. पण तिनं आधी दोन म्हशी विकल्या आणि मग आमच्या साहेबांची फी भरली. तुमची मालिका ती रोज बघत होती.

कळावे,

आपला एक नेमाचा प्रेक्षक,
बिद्री, ता. कागल, जि. कोल्हापूर